एकीची सही पुरे

वेर्ना टॉलेफसन तोंडाची फटकळ, हे आमच्या हॉल्डिन गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एकतीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात डाव चालवला आणि त्या एकतीस वर्षांत ताटात वाटाणे लपवून उठणारं एक पोर तिच्या नजरेतून सुटलं नाही. एकदा भर जेवणाच्या सुट्टीत तिनं मुख्याध्यापकांनाच सुनावलं होतं, "सर, तुम्ही अर्धा पाव टाकून उठता, मग पोरांना कुठल्या तोंडानं सांगू?" नवा पाद्री आला तेव्हा पहिल्याच रविवारी दाराशी त्याचा हात हातात घेऊन म्हणाली, "प्रवचन चांगलं होतं. मधे दोनदा संपल्यासारखं वाटलं, तिथं थांबला असतात तर आणखी चांगलं झालं असतं." लोक हसायचे, चिडायचे, पण शपथेवर सांगायचे की वेर्ना खोटं बोलणार नाही. तिला स्वतःलाही तसंच वाटायचं. त्याचा तोराच होता तिला, मी कशाला लपवू.

आर्डिस तिची थोरली जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ; एकत्र शेती केली, एकाच अंगणात समोरासमोर दोन घरं बांधली आणि दोन वर्षांच्या अंतरानं एकामागून एक गेले. मागे उरल्या या दोघी. आर्डिस उंच, शांत, चाळीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. वेर्ना बुटकी, आणि शांतपणाशी तिचं कधीच जमलं नाही. सकाळची कॉफी मात्र रोज आर्डिसच्या स्वयंपाकघरात, दोघींची, साडेसहाला. त्यात खंड नाही.

नवरे गेल्यावर शेडमध्ये दोन गाड्या उभ्या राहिल्या. वर्षभरानं आर्डिस म्हणाली, "दोन म्हाताऱ्या, दोन गाड्या, आणि जायचं एकाच चर्चला. डोकं फिरलंय का आपलं?" दोन्ही गाड्या विकल्या आणि दोघींत मिळून एक काळपट लाल ब्युइक घेतली. मालकीचा कागद करायला दोघी काउंटीच्या कोर्टाच्या इमारतीत गेल्या. खिडकीमागे होती मार्लीस. ती शाळेत असताना वेर्नानं तिला गाजरं खायला लावली होती, आणि पन्नाशीला आली तरी तिनं ते माफ केलेलं नव्हतं.

"दोघींची नावं घालते," मार्लीस म्हणाली. "पण पुढं विकायची झाली, कुणाचं नाव काढायचं झालं, तर दोघींच्या सह्या लागतील असं करू, की एकीची सही पुरे असं करू?"

"दोघींच्या," वेर्ना म्हणाली. "मालक दोन, तर सह्या दोन."

"एकीची पुरे कर गं," आर्डिस म्हणाली. "उद्या मी गेले तर हिनं कागदासाठी कोर्टात खेटे घालायचे का? आणि ही काय माझ्या पाठीमागं गाडी विकून पळणार आहे?"

"पळेन की. फ्लोरिडाला."

"रस्ता विचारायला माझ्याकडेच येशील."

तिघी हसल्या आणि मार्लीसनं चौकटीत खूण केली. तो कागद आर्डिसनं पावाच्या पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवला, वाटाण्यांच्या पाकिटाखाली. घर जळलं तरी फ्रीझर जळत नाही, असं तिचं म्हणणं. आमच्याकडे निम्म्या गावाचे महत्त्वाचे कागद असेच गारठलेले असतात.

आमची आणखी एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यापाशी येऊन अडतं. खडीच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात काढायचा नाही, फक्त एक बोट उचलायचं. झाला रामराम. आता काचेवर ऊन असतं, मागं धुळीचा लोट असतो, आत कोण बसलंय हे दिसतं कुणाला? गाडी ओळखायची आणि बोट उचलायचं. ती ब्युइक गावात "आर्डिसची ब्युइक" झाली, कारण लग्न असो की मयत, ऑर्गन वाजवायला तीच गाडी घेऊन जायची. वेर्ना चालवत असली तरी लोक घरी जाऊन सांगायचे, आज आर्डिस भेटली रस्त्यात. वेर्ना कुरकुरायची, "अर्धी माझीसुद्धा आहे. मागची अर्धी, जिथं टायर बदलावं लागतं ती."

गेल्या नोव्हेंबरातल्या एका गुरुवारची गोष्ट. शाळेत संध्याकाळी चार वाजता जुन्या स्वयंपाकिणींचा सत्कार होता. आपल्याच सत्काराचं जेवण आपणच शिजवून न्यायचं, ही तऱ्हाही आमचीच. वेर्नानं चीज घातलेल्या बटाट्यांचं मोठं भांडं टॉवेलात गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवलं. आर्डिसला सर्दी झाली होती; ती सकाळी औषध घेऊन ऑर्गनच्या सरावाला जाऊन आली होती आणि आता पांघरूण घेऊन पडली होती. वेर्ना पावणेचारला निघाली. उशीर झाला होता आणि, आमच्याकडे नोव्हेंबरात दिवस लवकर कलतो, सूर्य अगदी रस्त्याच्या टोकाशी टेकला होता, काच नुसती पेटल्यासारखी.

पाऊण मैलावर लोवेल ब्रेकीच्या घराची वाट रस्त्याला मिळते. त्या तोंडाशी त्याचा टफी पडलेला असायचा. चौदा वर्षांचा कुत्रा, कानानं ठार बहिरा. सगळ्या गाड्या त्याला वळसा घालून जायच्या.

गचका बसला. वेर्नानं ब्रेक दाबला, बटाट्यांचं भांडं हातानं धरलं आणि आरशात पाहिलं. कडेच्या वाळल्या गवतात तपकिरी काहीतरी पडलं होतं आणि हलत नव्हतं. लोवेलच्या अंगणात त्याचा ट्रक नव्हता. वेर्ना तिथं मिनिटभर बसून राहिली. उतरायला हवं होतं, हे तिला त्या मिनिटातही कळत होतं. पण चार वाजत आले होते, लोक थांबले असतील, बटाटे निवतील. परत येताना सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं आणि गिअर टाकला.

सत्कारात तिला लाकडी पाटी मिळाली. मुख्याध्यापकांनी माईकवरून सांगितलं, "तोंडावर खरं सांगणारी बाई." टाळ्या पडल्या. परत येताना लोवेलच्या खिडकीत दिवा होता आणि कडेचं गवत रिकामं होतं. सकाळी सांगू, असं म्हणून ती सरळ घरी आली.

सकाळी लोवेलच आधी आला. साडेसहाच्या कॉफीला दोघी बसल्या होत्या आणि हा दारात उभा, टोपी हातात. लोवेल साठीचा, एकटा माणूस. मोठ्यानं बोलल्याचं कुणी ऐकलं नाही.

"आर्डिस, भांडायला नाही आलो," तो म्हणाला. "टफी गेला. काल सकाळी तुझी ब्युइक जाताना पाहिली, मी बोटही उचललं. मग मी मका विकायला घेऊन गेलो तो दिवसभर तिकडेच. संध्याकाळी येऊन पाहतो तर हा गवतात. त्याचं वय झालं होतं. म्हटलं, तुझी तब्येत बरी आहे ना, तेवढं विचारावं."

आर्डिसचा चेहरा पांढराफटक पडला. "मला काही कळलंच नाही, लोवेल. औषध घेतलं होतं. गचका बसल्याचंही आठवत नाही." मग ती वळली. "वेर्ना, तू दुपारी गेलीस तेव्हा होता का गं तो तिथं?"

वेर्नाच्या हातात कॉफीचं भांडं होतं. सांगून टाकायचं ते तिच्या तोंडात तयार होतं, कालपासून तयार होतं. पण लोवेलची टोपी, आर्डिसचा चेहरा, आणि कालची ती पाटी. ती म्हणाली, "मी नाही पाहिला."

"वेर्नानं पाहिलं असतं तर सांगितलंच असतं," लोवेल म्हणाला, आणि त्याबरोबर सगळं ठरून गेलं.

आता यात तिनं खोटं काय सांगितलं, असं ती पुढं कितीतरी दिवस स्वतःला विचारत होती. आदळेपर्यंत खरंच नव्हता पाहिला. दुसऱ्या कुणी असली पळवाट काढली असती तर तिनं त्याला उभा सोलला असता. ही अक्कल तिला होती, म्हणूनच तो घास तिच्या गळ्याखाली उतरेना.

आर्डिसनं त्या दिवसापासून किल्लीला हात लावला नाही. इतकंच असतं तर वेर्नानं कदाचित रेटून नेलं असतं. पण पुढच्या रविवारी आर्डिसनं पाद्रीला सांगितलं, दुसरं कुणी बघा. ऑर्गन हातांनी वाजतो तसा पायांनीही वाजतो. "ज्या पायाला कुत्रा कळला नाही, त्याच्या भरवशावर मी भजनं कशी वाजवू?" असं म्हणाली. नाताळात तिची नात आपली तान्ही मुलगी घेऊन आली, तेव्हा आर्डिसनं बाळाला उचललं नाही. खुर्चीत बसून नुसतं त्याचं पाऊल धरलं. नात चमकून वेर्नाकडे पाहायला लागली. त्या रात्रीची भांडी घासताना वेर्नानं तोंड उघडलं, "आर्डिस, त्या टफीचं..."

"नको गं," आर्डिस म्हणाली. "तू माझी समजूत काढू नकोस. एक तू तरी खरं बोलणारी राहा."

वेर्नानं ताट पुसलं आणि जागेवर ठेवलं.

आणि रस्त्यावर वेगळंच. गावात बातमी झाली होती, पण आमच्याकडे कुणी कुणाला बोलत नाही; आम्ही नुसते गाडी कडेला घेतो. ब्युइक दिसली की समोरचा वेग कमी करायचा, चाकं गवतात घालायचा आणि बोट उचलायचा, जरा जास्तच वेळ, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखं. आत वेर्ना. पाच महिने ती आर्डिसच्या वाट्याची कीव अंगावर घेत फिरत होती. सत्काराची पाटी तिनं मोज्यांच्या कप्प्यात पालथी घातली. कुणाला फटकारायला गेली की जीभ अडखळायची. दुकानदार म्हणाला, वेर्नाबाई मवाळ झाल्या. तिला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

एप्रिलातल्या एका मंगळवारी सकाळी आर्डिसनं फ्रीझरमधून पावाची पिशवी काढली.

"चल, कोर्टात जाऊ. माझं नाव काढून टाकते. गाडी तुझी एकटीची."

"कशाला? असू दे की."

"नाव आहे तोवर किल्ली माझीही. एखाद्या दिवशी विसरून बसले गाडीत, तर? आज कुत्रा होता, उद्या ब्रेकीच्या शेजारची पोरं रस्त्यात असतील. लायसनही त्याच इमारतीत देऊन टाकते. एका फेरीत दोन्ही कामं."

अठरा मैल वेर्ना गाडी चालवत होती. दोनदा गाड्या कडेला झाल्या, दोनदा बोटं उठली. आर्डिस मांडीवर गार कागद धरून बसली होती. "बघ, किती सांभाळून घेतात लोक," ती म्हणाली.

खिडकीशी मार्लीसच. "वाटाणेबाई आल्या," ती म्हणाली, मग कागद पाहून तिचं हसू मावळलं. "आर्डिस, नाव काढायचंय? खरंच?"

"खरंच."

मार्लीसनं कागद उलटून पाहिला. "मग तू उगाच एवढा प्रवास केलास. हा एकीची सही पुरे असा कागद आहे. वेर्ना एकटी आली असती तरी चाललं असतं. तुला विचारायचीही गरज नव्हती."

"ठाऊक आहे," आर्डिस म्हणाली. "मीच तसं लिहायला सांगितलं होतं. पण मला स्वतः यायचं होतं. हिला एकटीला पाठवलं असतं तर हिला वाईट वाटलं असतं. ही दिसते कडक, पण पाच महिने हिनं मला एका शब्दानं टोचलेलं नाही."

मार्लीसनं पेन पुढं केलं. वेर्नाकडेच केलं, ती जवळ उभी होती. वेर्नानं पेन घेतलं. सहीची जागा समोर होती. एक सही, की आर्डिस आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीत बसून जाणार, दुसरी बाई ऑर्गन वाजवताना खाली मान घालून ऐकणार, आणि बाळाचं नुसतं पाऊल धरणार. वेर्नाला कुणाला विचारायचीही गरज नव्हती.

तिनं पेन खाली ठेवलं.

"टफीला मी मारलं," ती म्हणाली.

मागं रांगेत दोन माणसं होती. मार्लीसनं हातातला शिक्का हळूच बाजूला ठेवला. आर्डिस म्हणाली, "मी विचारलं होतं तुला. लोवेलच्या समोर."

"हो."

"तू म्हणालीस, पाहिला नाही."

"आदळल्यावर पाहिला."

"कुठं?"

"आरशात."

"आणि उतरली नाहीस."

"नाही. बटाटे होते. उशीर झाला होता." ते शब्द खिडकीशी, परक्या माणसांदेखत, असे काही वाजले की वेर्नाला स्वतःचीच किळस आली. "मला लाज वाटते, आर्डिस. रोज वाटते. मग रोज वाटतं, आता फार दिवस झाले."

आर्डिस स्वतःच्या हातांकडे पाहत होती. "पाच महिने मी कॉफीचा कप उचलताना बघते, उचललाय ना, सुटला तर नाही ना. किटली बंद केली का, ते तीन तीनदा उठून बघते. मला वाटलं, माझं डोकं गेलं. आणि तू समोर बसून मला कॉफी ओतत होतीस."

"हो," वेर्ना म्हणाली.

मार्लीसनं घसा साफ केला. "कागद... नंतर करू या का?"

"नाही, आत्ताच कर," आर्डिस म्हणाली. "दोन्ही नावं राहू देत. फक्त ते बदल. दोघींच्या सह्या लागतील असं कर."

"नवा कागद करता येईल. पण आर्डिस, उद्या तू आधी गेलीस, तर हिला बरेच खेटे पडतील. कोर्ट, वारस, सगळं."

"पडू देत," आर्डिस म्हणाली.

दोघींनी सह्या केल्या. आधी आर्डिसनं, मग वेर्नानं. लायसनची खिडकी शेजारीच होती. आर्डिस तिच्यासमोरून सरळ चालत गेली. बाहेर पायऱ्यांवर तिनं न बघता हात पुढं केला आणि वेर्नानं त्यात किल्ली ठेवली.

परतीचे पहिले दोन-तीन मैल आर्डिसनं स्टिअरिंग घट्ट आवळून धरलं होतं, मग बोटं सैल झाली. समोरून येणारे कडेला होत होते, बोट उचलत होते. आर्डिसही उचलत होती. लोवेलच्या वाटेच्या तोंडाशी तिनं गाडी थांबवली. दोन्ही बाजूंना नीट पाहिलं, जिथं आता पाहण्यासारखं काही नव्हतं तिथंही.

"उतर," ती म्हणाली.

"तू थांबशील?"

"मी चर्चमध्ये जातेय. ऑर्गनला पाच महिने हात लावला नाही. तू चालत ये."

वेर्ना उतरली. वाट लांब होती, तिच्या गुडघ्यांना तर जास्तच. लोवेल ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. मागं खडी वाजली, ब्युइक रस्त्याला लागली, तसं त्यानं बसल्या जागेवरून एक बोट उचललं. मग त्याला वाटेवर चालत येणारी वेर्ना दिसली आणि तो उठून उभा राहिला. त्याच्या पायाशी अजून दुसरं कुत्रं नव्हतं.

"आर्डिस चालवायला लागली का परत?" तो म्हणाला. "बरं झालं. मला तिची काळजी वाटत होती."

"आत्ता गेली ती आर्डिसच," वेर्ना म्हणाली. "टफीवरून गाडी गेली तेव्हा मात्र आत मी होते."